खाल्ल्या मिठाला

डॉक्टरीणबाईंनी कागदावर तुझी मूत्रपिंडं काढली,
घेवड्याचे दोन दाणे.
मग पेन वर सरकवत म्हणाल्या,
"मला यांची एवढी काळजी नाही, सेन्यॉर अदेलिनु.
ही हळूहळू थकतील. त्याआधी दगा देईल ते हे."
आणि छातीच्या जागी नुसतं एक टिंब.

तू हसलास. एकोणचाळीस उन्हाळे
आवेइरोच्या खाजणात मीठ ओढलेला माणूस,
टाचांना भेगा, भेगांत मीठ,
आणि ही पोरगी सांगते, दिवसाला एक चहाचा चमचा,
त्याहूनही कमीच.
"एवढं तर माझ्या सदऱ्यावर वाळतं," म्हणालास.
ती म्हणाली, "सदरा खायचा नाही."

घरी येऊन मी मिठाची बरणी उचलली
तर तू माझं मनगट धरलंस.
भांडायला नव्हे.
शवपेटी उचलताना शेवटचा हात लावतात, तसं.

मग अळणीचा संसार.
बटाटे दोनदा उकडायचे, पाणी दोनदा ओतून द्यायचं.
खारवलेला कॉड तीन दिवस भिजत पडलेला,
तोही पाहुण्यांच्याच ताटात.
लसूण, लिंबू, कोथिंबीर, काळी मिरी;
जिभेची समजूत काढायला इतके मध्यस्थ,
आणि ती दीड वर्ष रुसलेली.

सिगारेट सुटली ती माझ्यामुळे नाही.
पलीकडच्या आगरातला एवारिश्तु,
तुझाच आजार, तुझ्याच वयाचा,
डायलिसिसचं कुणी नावही काढलं नव्हतं अजून,
मिठाच्या ढिगाला टेकून बसला
तो बसलाच.
त्याच्या खिशातलं पाकीट तू त्याच्या बायकोच्या हाती दिलंस
आणि तुझं खाडीत फेकलंस.
रात्री म्हणालास, फेकायला नको होतं,
मासे काय करतील त्याचं.

संध्याकाळचं चालणं:
कालव्याच्या कडेनं मासळीबाजार, तिथून पूल, तिथून घर.
पहिल्या वर्षी तू वाटेतली बाकं मोजायचास,
तिसऱ्या वर्षी रोहित पक्षी.
आता काही मोजत नाहीस.
मी मागे पडले की थांबतोस फक्त,
आणि मी दमलेय असं मला वाटू नये म्हणून
बुटाची नाडी बांधायला वाकतोस.

मोजते मी.
निळ्या वहीत सकाळचा दाब, रात्रीचा दाब.
एकशे बेचाळीस. एकशे छत्तीस.
ग्रासाच्या लग्नात एकशे सत्तर.
बारा वर्षं, तीन वह्या,
आणि क्रिएटिनिन तरीही चढलंच, बोटाबोटानं,
भरतीचं पाणी बांधाला चढतं तसं.
मग उपयोग काय झाला, मी विचारलं.
बाईंनी तिन्ही वह्या चाळल्या. त्यांचेही केस पिकलेत आता.
म्हणाल्या, "जे झालं नाही ते यात कुठे दिसणार?"

रागच आला मला.
अळणी उत्तर.
घरी येऊन भांडी जोरात आपटली,
तू आतून विचारलंस काय पडलं,
मी म्हटलं, काही नाही.
आणि तिथेच उभी राहिले, हातात पातेलं,
ते "काही नाही" ऐकत.

जुलैत मिठाचं पहिलं फूल धरतं,
दुधावर साय यावी तसं पाण्यावर,
तेव्हा तू मला खाजणात नेतोस.
जावई ओढतो मीठ आता, वाकडंतिकडं,
आणि तू त्याला काही बोलत नाहीस, दाब वाढेल म्हणून.
करंगळीनं एक कण उचलतोस, जिभेवर ठेवतोस,
डोळे मिटतोस.
वर्षातून एकदाच.
खाल्ल्या मिठाला जागावं तर असं, कणभर.
मी बघत असते, आणि मी बघतेय हे तुला ठाऊक असतं.

परतताना विचारतोस, "हेही लिहिणार का वहीत?"

रात्री लिहिते: एकशे चौतीस.
पुढे, जिथे सहसा काही लिहीत नाही तिथे:
वारा होता. दोघंही चालत आलो.